एकच रान

मिंगेल आल्मेडा बोटीची नोकरी सोडून कायमचा घरी आला, त्या दिवशी त्याने पहिलं काम केलं ते विहिरीत उतरण्याचं. अंगावरचे प्रवासाचे कपडेही बदलले नाहीत. दोर बांधला, खाली गेला आणि चिऱ्यांच्या फटींतून उगवलेला नेचा मुळासकट उपटून काढला, एकूण एक. काठावर उभ्या असलेल्या इनासियाला वाटलं, दर्याचा वारा याच्या डोक्यात गेला. पावसाळा सरल्यावर कोकणातल्या कुठल्या विहिरीत नेचा नसतो? कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली ती वनस्पती. ढोरं खात नाहीत, माणसं बघत नाहीत. पण मिंगेलने टोपली भरून वर आणली, परसात नेऊन पेटवली, धूर निवेपर्यंत तिथे उभा राहिला आणि मग म्हणाला, "वैनी, आता च्या कर."

हे चौऱ्याऐंशी सालचं. बोटीवरचा माणूस परत आला की कट्टा गावच्या बाजारात त्याच्याकडे लोक निराळ्या नजरेने बघतात. टेपरेकॉर्डर आणला का, सेंटच्या बाटल्या कोणाकोणाला दिल्या, सगळी चौकशी होते. मिंगेलने आणली होती एक पत्र्याची ट्रंक आणि एक लांब सुरी, कारण तो उभा जन्म बोटीवर कूक होता. लग्न केलं नव्हतं. बोलणं बेताचं, पण मासळीला हात लावला की राजा. चर्चच्या फेस्ताला वाडीभराचं जेवण एकटा काढायचा आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी, उभ्या उभ्या चार घास खायचा. अशा माणसाला वेडा म्हणायला कोणाची जीभ रेटेना, म्हणून लोक त्याला 'हळवो' म्हणायचे. अर्थ तोच.

इनासिया त्याच्या थोरल्या भावाची, आंतोनची बायको. की विधवा? हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिच्या आयुष्याचं सगळं अवघड होऊन बसलं होतं ते तिथेच. दोघे भाऊ एकाच बोटीवर होते. त्रेसष्ट साली न्यूझीलंडच्या एका बंदरात बोट लागली, दोघे सुट्टी घेऊन किनाऱ्यावर उतरले, आणि संध्याकाळी एकटा मिंगेल परत आला. पोलिसांनी शोधलं. बोट किती दिवस थांबणार? कंपनीने कळवलं की आंतोन आल्मेडा बोट सोडून पळाला. कट्टेकरांनी त्यात पदरचं घातलं. त्याला तिथे एक गोरी मडम दिली, मेंढ्या दिल्या, पुढच्या पाचसहा वर्षांत दोन मुलंही दिली. इकडे इनासियाच्या पोटात जेसिंता होती.

तेव्हापासून इनासियाने ना काळं नेसलं, ना सणावाराचं रंगीत. नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी ती सासूसासऱ्यांच्या नावाने मेणबत्त्या लावायची, आपल्या आईबापाच्या नावाने लावायची, आणि एक मेणबत्ती हातात तशीच धरून उभी राहायची. शेवटी ती पिशवीत टाकून घरी यायची. नवरा मेला म्हणून रडावं तर तो मडमेच्या शेजारी बसून चहा पीत असायचा, आणि सोडून गेला म्हणून शिव्या द्याव्यात तर तो दरीत कुजत पडलेला दिसायचा. माणसाने रागवावं तरी कोणावर!

मग पंच्याऐंशीत जेसिंताचं लग्न ठरलं. मुलगा सावंतवाडीचा, पोस्टात होता. लग्न नाताळानंतर. पण लग्नाआधी घरात भिकाऱ्यांचं जेवण व्हायला हवं होतं. आल्मेडांच्या घरात ती रीत फार कडक. घरातले जेवढे मेले तेवढी गरीब माणसं बोलवायची, केळीच्या पानावर बसवायची आणि प्रत्येकाला एकेका मेलेल्याच्या नावाने हाक मारून वाढायचं. त्या पंगतीपुरता तो माणूस म्हणजे तो मेलेलाच. तो जेवून तृप्त झाला, हातावर पाणी घेऊन गेला, की मग घरात लग्नाचा मांडव घालायचा. ज्याला विसरलात तो उपाशी राहतो, आणि उपाशी मेलेला लग्नघरात येऊन बसतो, असं इनासियाची सासू सांगायची. ती बाई असं काही सांगताना कधी हसायची नाही.

एका दुपारी ती आणि मिंगेल सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, निवडत बसली होती. इनासिया नावं मोजत होती. सासरा, सासू, सासऱ्याचा भाऊ, लहानपणी गेलेली नणंद. मग ती थांबली.

"आणि आंतोन," ती म्हणाली.

"त्याका लेखू नको," मिंगेल म्हणाला. मान वर केली नाही. "जित्या माणसाक त्या पानार बसवलंस तर त्याका मेल्यांत ओढून आणशीत."

"तो जितो आसा ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"मी त्याची शीळ आयकतंय."

बावीस वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सगळं सांगितलं, सुंगटांची टोकं मोडत मोडत, शांत आवाजात, जणू बाजारातला भाव सांगतोय.

बंदरामागे डोंगर होते. आंतोनला चालायची हौस, म्हणून दोघे वर गेले. वर झाडी लागली, पण तशी झाडी मिंगेलने कधी पाहिली नव्हती. आपल्या विहिरीत उगवतो तोच नेचा, पण माडाएवढा. काळा सोट, त्यावर केस असल्यासारखी मुळं, आणि वर पानांची छत्री. जुनी पानं गळून पडली की सोटावर त्यांचे वण राहतात, लांबट, मध्ये बुबुळ असल्यासारखे. खालपासून वरपर्यंत नुसते डोळे. शेंड्याला नवी पानं वळलेली होती, तपकिरी लव असलेली, तान्ह्या पोराच्या मुठी असाव्यात तशी. फूल नाही, फळ नाही, पाखरू नाही. धुकं आलं. आंतोन पुढे होता. मिंगेलने शीळ घातली, मसुऱ्याच्या खाडीवर होडीवाल्याला बोलवायला दोघे लहानपणी घालायचे ती, दोन आखूड आणि एक लांब. पुढून उत्तर आलं. पुन्हा घातली. उत्तर बाजूने आलं. तिसऱ्यांदा पाठीमागून आलं, अगदी मानेजवळून. मिंगेल वळला तर फक्त झाडं होती, आणि त्यांच्यावरचे ते डोळे.

"आणि मगे?"

"मगे मी सगळीकडे आयकलंय, वैनी."

ज्या ज्या बंदरात बोट लागली तिथे तो विचारायचा, इथे नेच्याची झाडं कुठे आहेत? समुद्राकाठी ती कधीच नसायची. नेहमी वर, जिथे धुकं अडकून बसतं आणि ऊन खाली उतरत नाही तिथे. सिलोनमध्ये चहाच्या मळ्यांच्या माथ्यावर. जमैकाच्या निळ्या डोंगरांत. ब्राझीलमध्ये घाट चढून गेल्यावर. सेंट हेलेना नावाच्या एका एवढ्याशा बेटावर तर एकाच कड्यावर ती उरली होती, गुरं घाबरून एकत्र यावीत तशी एकमेकांना चिकटून. सुट्टी मिळाली की दुसरे खलाशी दारूच्या दुकानात जायचे आणि हा डोंगर चढायचा. शीळ घालायचा. आणि प्रत्येक ठिकाणी, कधी लवकर कधी उशिरा, आंतोन उत्तर द्यायचा.

"मिंगेल, सिलोन खंय, जमैका खंय," इनासिया म्हणाली. तिच्या हातातली सुंगटं तशीच राहिली होती.

"तां रान येकच आसा, वैनी. पयली येकच होता. मधी दर्यो इलो म्हणान तुकडे झाले. एका तुकड्यात शिरलेलो माणूस दुसऱ्या तुकड्यात भायर येता. तो चलता आसा. वाट गावना नाय त्याका."

इनासियाच्या अंगावर काटा आला. खोटं वाटलं म्हणून नव्हे. तिला ते खरं वाटायला लागलं होतं म्हणून.

ते प्रकरण तिथेच अडकून पडलं असतं, पण दोन दिवसांनी शेजारचा गुरुदास चहाला आला. गुरुदास एस.टी.त कंडक्टर. त्याला कुठलीही गोष्ट आपल्या मार्गावर नाही असं कोणी म्हटलेलं खपत नसे. इनासियानेच विषय काढला, असं झाड कधी बघितलंस का, म्हणून. मिंगेलने डोळ्यांनी तिला गप्प करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

"अरे, तां झाड आमच्या आंबोलीच्या घाटात आसा मरे!" गुरुदास बशीतला चहा फुंकत म्हणाला. "व्हाळात. गाडी चढावाक गरम झाली काय डायवर पाणी आणूक थंय उतरता. पण एकटो जाणा नाय. माका सोबत नेता."

"कित्या?"

"काय म्हायत. म्हणता, थंय कोणतरी बघता."

सगळी दुनिया पालथी घातलेल्या माणसाला ज्याची माहिती नव्हती ते झाड एस.टी.च्या रस्त्याला लागून उभं होतं. दुसरी कुठली वेळ असती तर इनासिया हसून लोळली असती. पण तिने मिंगेलकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

गुरुदास गेल्यावर तो म्हणाला, "मी थंय जावचंय नाय."

"कित्या? सगळ्या जगात गेलंस."

"जगात गेलंय ता वेगळा. थंय तो असलो तर जितो असात. पण आंबोली? थंयसून घर एका दिसाची वाट, वैनी. डोळे बांधले तरी येतलो तो. घराच्या इतक्या जवळ इलेलो माणूस घराक नाय इलो, तर तो..."

इनासियाला सगळं कळलं. घाटातल्या त्या झाडांत आंतोनने उत्तर दिलं तर आंतोन मेला. नाही दिलं तर अजून कुठेतरी चालतो आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या प्रश्नाला उत्तर देणारी एक जागा होती, आणि तिथे साधी लाल गाडी जात होती.

"मगे माका जावचाच आसा," ती म्हणाली. "माझ्या चेडवाच्या लग्नात मी बायल म्हणान उभी रवतलंय काय रांड म्हणान, ह्या माका कळाक होया. तू येवचो नाय तर मी एकटी जातंय. पण शीळ माका येणा नाय."

तो आला.

ऑक्टोबर संपत आला होता. खाली सावंतवाडीत ऊन चटके देत होतं आणि घाट अर्धा चढल्यावर गाडीच्या खिडकीतून ढग आत यायला लागले. गुरुदासने वळणावर गाडी थांबवली, दोघांना उतरवलं, परतीच्या गाडीला हात करा म्हणाला. गाडी निघून गेल्यावर एवढी शांतता झाली की इनासियाला आपल्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

व्हाळाच्या, त्या ओढ्याच्या, कडेने पायवाट वर जात होती. दुपारची वेळ, पण आत उजेड हिरवट होता, विहिरीच्या तळाशी असतो तसा. आणि मग तिला ती दिसली. पाच की सहा झाडं, पाण्याच्या दोन्ही बाजूंना, काळी, ओली, आणि मिंगेल म्हणाला होता तशीच. तिला वाटलं होतं त्याने मीठमसाला लावून सांगितलं असेल. उलट त्याने कमीच सांगितलं होतं. ते वण खरोखर तिच्याकडे बघत होते. ती बाजूला सरकली तरी बघत होते. तिने गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

मिंगेल पाण्यात घोटाभर उभा राहिला. मग त्याने शीळ घातली. दोन आखूड, एक लांब.

इनासिया खाली वाकली होती, पायाला लागलेली जळू काढत होती, आणि उत्तर आलं. दोन आखूड, एक लांब. जरा खालच्या पट्टीत, छातीतून आलेलं. आंतोन असाच घालायचा. लग्न ठरल्यानंतर तो त्यांच्या कुंपणाशी यायचा तेव्हा ती शीळ ऐकून ती पाण्याची कळशी घेऊन उगाच बाहेर पडायची. हातातली जळू तशीच टाकून ती ताठ उभी राहिली.

"परत," ती कशीबशी म्हणाली. "परत घाल."

या वेळी ती त्याच्याकडे बघत होती. मिंगेलने शीळ घातली आणि ओठ मिटले. मान तिरकी करून तो वरच्या झाडांकडे कान लावून उभा राहिला, सगळं लक्ष तिकडे. आणि तसं ऐकता ऐकताच त्याचे ओठ हळूहळू पुन्हा गोल झाले, गळ्याची घाटी खाली गेली, आणि त्याच्याच तोंडातून आंतोनची शीळ आली. त्याला पत्ता नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. वाट बघून थकलेल्या माणसाला बोटीचा भोंगा ऐकू यावा तसा चेहरा होता.

"आयकलंस?" तो कुजबुजला. "वैनी, आयकलंस मगो?"

इनासियाच्या मनात काय काय येऊन गेलं! सिलोन, जमैका, ते एवढंसं बेट, सगळीकडे हा माणूस असाच उभा राहिला असेल, एकटा, स्वतःलाच हाक मारत आणि स्वतःलाच ओ देत. सांगावं का याला? सांगितलं तर ती सगळी रानं एका क्षणात रिकामी होतील, आणि यातलं कोणीच उरणार नाही, आंतोनही नाही आणि मिंगेलही नाही. तिला त्याची इतकी दया आली की तिची भीतीच गेली. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं? दुसऱ्या वेळी तिने बघितलं होतं. पहिल्या वेळी ती जळू काढत होती.

"आयकलंय," ती म्हणाली. "तोच. घराक इलो रे आपलो आंतोन."

मिंगेल पाण्यातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिने त्याला रडू दिलं. खोटं बोलल्याचं पाप तिने पाद्रीबाबाला कधी सांगितलं नाही, कारण ते खोटं होतं की नाही हेच तिला ठरवता येईना.

भिकाऱ्यांचं जेवण डिसेंबरात झालं. पहाटेपासून मिंगेल चुलीशी होता. सुक्या सुंगटांची कढी, भात, उडदाचे वडे. ओसरीवर पानं मांडली. माणसं आली, बसली, इनासियाने एकेक नाव घेऊन हाक मारली आणि ती माणसं त्या नावांना ओ देत गेली. आंतोनच्या पानासाठी मसुऱ्याहून पेद्रू नावाचा एक लंगडा म्हातारा बोलावला होता. कोणाच्या नावाने बसायचं ते कळल्यावर तो काठी टेकत उठला.

"ज्याचा मरण कोणी बघूक नाय त्याच्या पानार मी बसाचंय नाय, बाये. माका दुसऱ्याचा नाव दी."

दुसऱ्याही कोणी बसायला तयार होईना. पान तसंच रिकामं. इनासियाने तरीही त्यावर वाढलं, कारण वाढायचं ठरलं होतं. मग मिंगेलला विचारावं म्हणून ती आत गेली. चुलीशी कोणी नव्हतं. मागच्या दारीही नव्हतं. ती ओसरीवर परतली तर मिंगेल त्या पानावर बसून जेवत होता.

मान खाली घालून, भराभर, मोठाले घास. बोटीवरचा कूक असा जेवत नाही. तो चवीचवीने, उभ्याने, सगळ्यांच्या मागून जेवतो. बाकीची माणसं हात थांबवून त्याच्याकडे बघत होती. इनासिया जवळ गेली.

"आंतोन," तिने रीतीप्रमाणे हाक मारली, "आणि वाढू?"

"वाढ गो इनास," तो म्हणाला. "आणि मीठ घाल. कमी आसा."

इनास. या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारायचा, आणि तेही चारचौघांत कधी नाही. मिंगेलच्या कानावर ते नाव जायचं काही कारण नव्हतं. तिच्या हातातला डाव कढीत पडला. पण ती पळाली नाही. आत गेली, बरणीच्या तळाला उरलेलं मीठ खरवडून आणलं, पानाच्या कडेला घातलं, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. बावीस वर्षं जे बघायचं राहिलं होतं ते तिने डोळे भरून बघून घेतलं. मग लेकीला हाक मारली.

"जेसिंता, बापाशीच्या हातार पाणी घाल."

जेसिंताने आईच्या तोंडाकडे बघितलं, मग ती तांब्या घेऊन पुढे आली. पाणी अर्धं बाहेर सांडलं. त्याने हात धुतले आणि तोच ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला, बेसांव, म्हणजे आशीर्वाद, देतात तसा, जरा जास्त वेळ.

"आता जा," इनासिया म्हणाली. "पोट भरला मा? मगे जा आता. आमी बरी आसंव."

तो उठला, मागच्या दाराने पोफळींच्या बागेत उतरला आणि दिसेनासा झाला. पंगत उठली, माणसं आशीर्वाद देऊन पांगली. इनासिया आत गेली, हातातल्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या आणि गळा काढून रडली. वाडीतल्या बायका धावून आल्या. त्यांनीही रडून घेतलं, कारण हे रडणं फार दिवसांचं राहिलं होतं.

बायका गेल्यावर पुढच्या दाराने मिंगेल आत आला. घामाने निथळत होता, चपला लाल धुळीने माखल्या होत्या आणि हातात मिठाची पुडी होती.

"मीठ संपला म्हणान कट्ट्यार गेल्लंय, वैनी," तो म्हणाला. "सगळी दुकानां बंद, लांबच्या दुकानात जावचा लागला. पंगत बसली काय गो?"

इनासियाने त्याच्या तोंडाकडे बघितलं, खूप वेळ. मग पदराने डोळे पुसले.

"बसली. उठली पण. आंतोन जेवान गेलो."

मिंगेलने क्रूस केला. मग चुलीजवळ गेला आणि त्याच्या सवयीप्रमाणे उभ्या उभ्या खायला लागला तेव्हा इनासियाने त्याला हाताला धरून पाटावर बसवलं, आणि वाढलं. एकदा वाढलं, दोनदा वाढलं, भात संपला तेव्हा वडे वाढले. पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नसलेला माणूस जेवतो तसा तो जेवत होता.